इंची लेथ

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक वर्कशॉप बंद होतंय. तिथलं साडेचार फुटी बेडचं, कोन पुलीचं जुनं लेथ भाचीला हवंय. घरामागच्या शेडमध्ये ती जुन्या स्कूटरी दुरुस्त करते आणि एकेका बुशासाठी, पिनेसाठी दुसऱ्याच्या दारात ताटकळायला कंटाळली आहे. मामांची सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि चष्मा चढवला.

भाची : मामा, मशीन बघून आले. भंगारापेक्षा थोडे जास्त द्या आणि घेऊन जा, म्हणाले. एवढं स्वस्त कसं?

मामा : लीड स्क्रू इंची असेल.

भाची : हो. इंचात चार आटे. हँडलांच्या रिंगाही इंचाच्याच.

मामा : मग बरोबर. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा, पण मशीनं काय एका रात्रीत बदलतात? हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर १९४१ साली निघाली, पुढे बटाल्याला, राजकोटला गल्लोगल्ली लेथं व्हायला लागली. कायद्यानंतरही इंची मशीनं वर्षानुवर्षं चालत राहिली. आता मेट्रिक बोल्टच्या जगात त्यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून तुझ्या वाट्याला आलंय. त्याला उपाय आहे, तो नंतर सांगतो. बेड कसा आहे?

भाची : एकदम चकाचक. रंगही ताजा आहे, हिरवा.

मामा : रंग विकायच्या आधी मारतात. त्याच्याकडे बघूच नको. उद्या परत जा. सॅडल चकाजवळ आण आणि त्याचा लॉक एवढाच आवळ की ते जड जाईल, पण सरकेल. मग लॉकला हात न लावता टेलस्टॉककडे नेत राहा.

भाची : आणि अडकलं तर?

मामा : तर बेड चकाजवळ झिजलाय. छोटे जॉब सगळे तिथंच होतात, सॅडल तेवढ्याच वीतभर जागेत आयुष्यभर मागं-पुढं करतं आणि किस व धूळ त्याच्याखाली घासत राहते. टेलस्टॉककडचा भाग मात्र जवळपास नवाच राहतो. थोडं जड झालं तर चालेल, एवढ्या वयाच्या मशीनला तेवढं असणारच. पार घट्ट बसलं तर फुकट दिलं तरी आणू नको.

भाची : क्रॉस स्लाइडचं हँडल पाव फेरा रिकामंच फिरतंय. मी त्याचीच धास्ती घेतली होती.

मामा : त्याचं काही नाही. नट नवा करता येतो, गिब आवळता येते. बॅक गिअरचा दाता तुटला असेल तर गिअर करून मिळतो, तेही तिथंच दोन गल्ल्या पलीकडं. बेडचं तसं नाही. तो ग्राइंडिंगला दिला की सॅडल खाली बसतं, मग ॲप्रन खाली येतो, मग लीड स्क्रूशी त्याची ओळ जुळत नाही. एक दुरुस्त करायला जावं तर चार कामं निघतात. म्हणून बेडचे पैसे द्यायचे, बाकीचं त्याच्यासोबत येतंय असं समजायचं. हां, स्पिंडल तेवढा तपास. चकावर डायल लाव, खालून लाकडाच्या दांड्यानं चक उचलून बघ. काटा एक-दोन शतांश मिलिमीटर हलला तर ठीक. दहा शतांश हलला तर बेअरिंगचा खर्च धरूनच भाव कर. आणि चेंज गिअरचा डबा माग. मशीन विकणारे तो हमखास विसरतात.

भाची : डब्यात काय बघू?

मामा : १२७ दात्यांचा गिअर. तोच तुझा उपाय. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणजेच १२७ भागिले ५. आणि १२७ ही मूळ संख्या. छोट्या गिअरांच्या गुणाकारातून ती येत नाही, गिअरच तेवढ्या दात्यांचा लागतो. तुझ्या लीड स्क्रूला इंचात चार आटे, म्हणजे एका फेऱ्यात सॅडल ६.३५ मिलिमीटर सरकतं. तुला दीड मिलिमीटरचे आटे पाडायचेत. दीड भागिले ६.३५ किती?

भाची : थांबा... ३० भागिले १२७.

मामा : झालं! स्पिंडलकडून ३०चा गिअर, लीड स्क्रूवर १२७चा आणि मध्ये कितीही दात्यांचा आयडलर. दोन मिलिमीटरला ४०, एकला २०. पिचला वीसनं गुणायचं की चालवणारा गिअर मिळाला. चार आट्यांच्या स्क्रूचं हे सुख आहे. डब्यात १२७ नसेल तर ६३चा चालवणारा म्हणून घालून जवळपास जाता येतं. मीटरभर लांबीत सव्वाशे मायक्रॉनचा फरक पडतो. तुझ्या स्कूटरच्या बोल्टला तो कधी कळणारही नाही.

भाची : म्हणजे इंची असून काही अडत नाही.

मामा : एका ठिकाणी अडतं. इंची स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना हाफ नट मध्येच उघडायचा नाही, आटा चुकतो. टूल मागं घ्यायचं, मोटर उलटी फिरवून सॅडल परत आणायचं आणि पुढचा कट घ्यायचा. आणि तुझा चक स्पिंडलवर आट्यांनी बसलेला आहे ना?

भाची : हो.

मामा : मग उलट फिरवताना तो सुटू शकतो. वेगानं उलटं फिरवून झटकन थांबवलंस तर तो दहा-पंधरा किलोचा गोळा पायावर येईल. बॅक गिअर टाकायचा, सावकाश फिरवायचं आणि टूल जॉबपासून लांब.

भाची : बरं. आणायचं कसं? टेम्पो ठरवलाय. मित्र येतील चार-पाच जण.

मामा : मित्रांना जेवायला बोलाव, लेथ उचलायला नको. सहाशे-सातशे किलोचं धूड आहे. वर जड, खाली अरुंद. जरा कललं की कुणाच्या बापाला आवरत नाही, आणि आवरायला जातो त्याचाच हात जातो. तिकडं चढवायला हायड्रा सांग. चक, मोटर, टूल पोस्ट आधी काढ. चक काढताना खाली बेडवर फळी ठेव, नाहीतर पडायचा आणि खाच पाडायचा. टेलस्टॉक आणि सॅडल पार शेवटाला नेऊन लॉक कर.

भाची : ते का?

मामा : सगळं वजन हेडस्टॉककडं असतं. सॅडल दुसऱ्या टोकाला गेलं की तोल मधोमध येतो. मग बेडच्या खालून बेल्ट घालायचा आणि दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे द्यायचे, म्हणजे बेल्ट लीड स्क्रूला दाबणार नाही. घाईत नेमका लीड स्क्रूलाच दोर बांधणारी माणसं मी बघितलीत. आधी चार बोटं उचलून बघायचं. एका बाजूला झुकलं तर खाली घेऊन बेल्ट सरकवायचा.

भाची : आमच्या बोळात हायड्रा येणार नाही.

मामा : तोंडापर्यंत आला तरी पुरे. तिथं उतरवून घ्यायचं. पायांखाली दोन जाड लाकडी रूळ बोल्टनं आवळून टाक, म्हणजे बूड रुंद होतं. मग खाली पाइपचे तुकडे, मागून पहार. मागचा पाइप सुटला की पुढं आणून घालायचा. दोन माणसं आणि एक तास. उतारावर मात्र मागून चेन ब्लॉकनं धरून ठेवायचं. आणि पाइप सरळ करायला हात घालायचा नाही, काठीनं ढकलायचा.

भाची : आणल्यावर सगळं उघडून धुऊन काढू?

मामा : उघड, पण एका वेळी एकच भाग, आणि उघडण्याआधी फोटो काढ. डिझेल, ब्रश, कॉटन वेस्ट. बेडला पॉलिश पेपर लावायचा नाही. गंज असेल तर तेलात भिजवून ब्लेडनं आडवा खरवडायचा. तेलाच्या भोकांत कुणीतरी ग्रीस भरून ठेवलेलं असणार, ते सगळं काढ. बेडला ६८ नंबरचं स्लाइडवे तेल. आणि पावसाळ्यात वर प्लास्टिक टाकू नकोस, आतून घाम येतो आणि आठवड्यात बेड लाल होतो. तेलात भिजवलेलं सुती कापड बरं.

भाची : मोटर थ्री फेज आहे. शेडमध्ये सिंगल फेज.

मामा : व्हीएफडी लाव. पण सिंगल फेजवरचा साधा ड्राइव्ह २३० व्होल्टचंच थ्री फेज देतो आणि जुनी दोन एचपीची मोटर बहुधा ४१५ला स्टार जोडलेली असते. प्लेट वाच. सहा टोकं बाहेर असतील तर डेल्टा करून २३०वर चालेल. तीनच असतील तर आतला स्टारचा सांधा वायंडरकडून उघडून घे. मशीनवरचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच मोटर आणि ड्राइव्हच्या मधून काढून टाक. चालू मोटर तिथं तोडली तर ड्राइव्ह जळतो. तोच स्विच ड्राइव्हच्या कंट्रोलला जोडता येतो. अर्थिंग वायरमनकडून तपासून घे, त्यात माझं ऐकू नको.

भाची : राहिली लेव्हल. गवंड्याची पट्टी आहे घरात.

मामा : पट्टीनं उभं करण्यापुरतं जमेल, पण खरं काम लेव्हलचं नाहीच. जहाजावर लेथ असतं, समुद्रात हिंदकळत असतं, तरी जॉब बरोबर निघतो. बेडला पीळ नको, एवढंच बघायचं. खाटेचा एक पाय आखूड असला की ती डुगडुगते. लेथ डुगडुगत नाही. बोल्ट आवळलास की ओतीव लोखंडाचा बेडच मुकाट्यानं पिळतो, डोळ्याला काही दिसत नाही, जॉब तेवढा निमुळता येतो.

भाची : मग कळणार कसं?

मामा : चांगली मशीन लेव्हल कुठून तरी मागून आण, मीटरला दोन शतांश मिलिमीटर दाखवणारी. ती बेडवर आडवी ठेव, एकदा चकाकडं आणि एकदा टेलस्टॉककडं. बुडबुडा मधोमध यायची गरज नाही, दोन्हीकडं सारखा आला की पुरे. नंतर लेथलाच विचारायचं. दीड इंची जाड रॉड चकात धर, सहा-सात इंच बाहेर. टेलस्टॉक लावायचा नाही. चकाजवळ आणि टोकाला एकेक कडं ठेव आणि मधला भाग थोडा खाली घे. मग धारदार टूलनं, टूलची जागा न बदलता, दोन्ही कड्यांवर अगदी हलका कट. मायक्रोमीटरनं मोज.

भाची : समजा, टोकाचं कडं जाड आलं.

मामा : म्हणजे तिकडं जाताना टूल जॉबपासून लांब जातंय. टेलस्टॉककडचा पुढचा पाय, तू उभी राहतेस त्या बाजूचा, खाली आहे. त्याच्याखाली पातळ शिम सरकव, बोल्ट आवळ, परत कट घे. बारीक आलं तर उलट, मागचा पाय उचलायचा. हेडस्टॉककडचे पाय एकदा बसले की त्यांना हात लावायचा नाही.

भाची : पण बेड चकाजवळ झिजलेला असेल तर फरक त्यानंही पडेल ना?

मामा : पडेल. म्हणून शिम घालत घालत मशीन पार वाकवून बसू नकोस. लेव्हल एक सांगत असेल आणि कडी भलतंच, तर ती झीज आहे. तिच्यासाठी बेडला पीळ द्यायचा नाही, तेवढा फरक लिहून ठेवायचा. हे जमलं की मगच टेलस्टॉक. दोन सेंटरांमध्ये रॉड धरून तशीच दोन कडी घ्यायची आणि टेलस्टॉकचे बाजूचे स्क्रू फिरवून जुळवायचं. लोक आधी टेलस्टॉक जुळवतात आणि बेडचा पीळ त्यात लपवतात. मग चकात धरलेला प्रत्येक जॉब निमुळता येतो आणि दोष टूलवर जातो.

भाची : एकदा जुळवलं की सुटले?

मामा : फरशी किती जाड आहे?

भाची : चार इंच असेल. भराव टाकून केलीय, गेल्या उन्हाळ्यात.

मामा : भरावावरची फरशी पावसात बसणार. गणपतीच्या सुमारास परत कडी काढ, दिवाळीनंतर आणखी एकदा. बोल्टही सुरुवातीला नुसते हातानं लाव, पान्यानं पिरगाळू नकोस.

भाची : रॉड आजच आणते. दीड इंची, मऊ लोखंडाचा?

मामा : फ्री कटिंग मिळाला तर तो घे, कट साफ येतो. आणि फुटभरच घेऊ नकोस. दर वेळी थोडा थोडा कमी होत जाणार आहे तो.