बंदुकीच्या नळीतली सरी आणि वरंबा



नांदेड-लातूरच्या पेपरात 'गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त' ही ओळ अधूनमधून असतेच. मुलं ती वाचतात आणि विचारतात, 'गोळी कुठल्या बंदुकीतली हे कसं कळतं?' प्रश्न टाळण्यापेक्षा त्यातलं विज्ञान सांगितलेलं बरं.

सुरुवात भोवऱ्यापासून करा. फिरणारा भोवरा उभा राहतो, थांबला की आडवा. गोळीचंही तसंच. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी हवेत डगमगते. 1760 च्या उदगीरच्या लढाईत इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींकडे होत्या तशा त्या काळच्या सामान्य बंदुका गुळगुळीत नळीच्याच, म्हणून लांबचा नेम बेभरवशाचा. पुढे नळीच्या आत पिळाच्या खाचा पाडायची पद्धत सैन्यात रुळली. याला रायफलिंग म्हणतात, 'रायफल' हे नाव त्यावरूनच.

आपल्या शेतातल्या भाषेत सांगायचं तर नळीच्या आत सरी आणि वरंबे असतात, फक्त सरळ नाही, पीळ घेत गेलेले. गोळी वरंब्यांमधल्या जागेपेक्षा किंचित जाड असते. त्यामुळे वरंबे तिच्या अंगात रुततात आणि तिला फिरवतात. गणित करून घ्या: 25 सेंटीमीटरला एक फेरा आणि वेग सेकंदाला 250 मीटर, तर गोळी सेकंदाला 1000 फेरे घेते. वर्गात हे उत्तर आलं की मागचा बाकही जागा होतो!

आता प्रकार. 1857 च्या काडतुसांच्या वादातली एनफिल्ड रायफल तीन सऱ्यांची, 78 इंचात एक फेरा. पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली थ्री-नॉट-थ्री बहुतेक पाच सऱ्यांची, पीळ डावीकडे, 10 इंचात एक फेरा. कोल्टच्या हातबंदुकांत साधारणपणे सहा सऱ्या डाव्या पिळाच्या, स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाच उजव्या. ग्लॉक पिस्तुलात धारदार खाचा नसतात. तिथे नळीचं पोटच गोलसर कोपऱ्यांचं षटकोनी असतं, त्यामुळे गोळीवरच्या खुणा पुसट उमटतात. बारा बोअर मात्र सहसा गुळगुळीत नळीची, छर्‍यांसाठी. (बारा म्हणजे काय? नळीत बसेल असा शिशाचा गोळा एका पौंडाच्या बाराव्या भागाएवढा.)

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. सऱ्यांची संख्या, रुंदी, पिळाची दिशा यावरून बंदुकीची जात कळते, व्यक्ती नाही. एकाच साच्यातल्या हजारो नळ्यांना त्या खुणा सारख्याच. पण प्रत्येक नळीत हत्याराच्या, गंजाच्या, वापराच्या बारीक रेघा वेगळ्या पडतात. जप्त पिस्तुलातून चाचणीची गोळी झाडतात आणि तुलना सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गोळ्या शेजारी ठेवून रेघेला रेघ जुळते का ते बघतात. नांदेडलाही प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, हे मुलांना जरूर सांगा.

गावठी कट्ट्यात हे सगळं अवघड होतं. नळी अनेकदा साधा पाइप, सऱ्या नाहीत, गोळी ढिली, दर वेळी वेगळी घासते. मग रिकाम्या पुंगळीवर भिस्त: तिच्या बुडाशी आघात पिनेचा खड्डा आणि मागच्या पत्र्याचा ठसा उमटतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात हत्या झाली, 2015 मध्ये कॉ. गोविंद पानसरे आणि धारवाडला प्रा. एम. एम. कलबुर्गी. या तपासांत 7.65 मिलिमीटरच्या गोळ्या-पुंगळ्यांची तुलना हा महत्त्वाचा धागा होता. कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्यावर एकाच पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, असा निष्कर्ष कर्नाटकच्या प्रयोगशाळेने दिला. असा अहवाल कायद्याने तज्ज्ञाचं मत असतो, निकाल नव्हे. चुकीची जुळणी म्हणजे निर्दोष माणूस आत आणि खरा बाहेर, म्हणून बाकीचा पुरावाही तपासावाच लागतो.

नळीच्या बाहेरच्या खुणा वेगळ्या: कंपनीचं नाव, क्रमांक, चाचणीचा शिक्का. गांधीजींच्या हत्येतल्या इटालियन बेरेटा पिस्तुलाचा क्रमांक 606824 होता. त्या काळच्या इटालियन लष्करी बेरेटांवर इसवी सनाशेजारी रोमन आकड्यात मुसोलिनीच्या राजवटीचं वर्षही कोरत, म्हणजे लोखंडावर इतिहासच. ओळख-खुणा नसलेलं अग्निशस्त्र विकणं किंवा हस्तांतरित करणं 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 8 नुसार मना आहे. तरीही गुन्हेगार क्रमांक घासून टाकतात. पण ठोकताना खालचा धातूही दबलेला असतो. रसायन लावलं की तो दबलेला भाग वेगळ्या गतीने झिजतो आणि आकडे पुन्हा दिसू शकतात.

वर्गात यासाठी रसायन नको. वहीच्या पानावर जोर देऊन नाव लिहायला सांगा, ते पान फाडा आणि खालच्या कोऱ्या पानावर पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवायला लावा.