कंटेनर क्रमांकाचा डेटा क्लास

प्रश्न : न्हावा शेवा बंदरातल्या कंटेनरच्या नोंदींसाठी प्रोग्राम लिहायचा आहे. क्रमांक नुसती स्ट्रिंग म्हणून ठेवला तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण एखादा अंक चुकला तर कळणार नाही. आयएसओ ६३४६ नुसार या क्रमांकात मालकाची तीन अक्षरे, प्रकाराचे एक अक्षर, सहा अंकी अनुक्रमांक आणि शेवटी तपासणी अंक असतो. ‘सीएसक्यूयू ३०५४३८’चा तपासणी अंक ३ येतो. म्हणून क्रमांकासाठी वेगळा क्लास करावा; हे चार भाग म्हणजेच त्याची चार फील्ड.

पायथॉन ३.७ मधला ‘डेटाक्लास’ कन्स्ट्रक्टर आणि तुलनेची मेथड आपसूक पुरवतो. जावात १६व्या आवृत्तीपासून ‘रेकॉर्ड’ आहेच. पायथॉनमध्ये क्लास ‘फ्रोझन’, म्हणजे तयार झाल्यावर न बदलणारा ठेवावा आणि तपासणी अंकाची पडताळणी ऑब्जेक्ट तयार होतानाच करावी.

यार्डातली जागा, कस्टम्सची स्थिती मात्र यात कोंबू नये. ती बदलत राहते. मग हाच क्लास गेट, यार्ड, बिलिंग सगळीकडे जसाच्या तसा वापरता येतो.