काळ्या पाषाणाने डायनासोर संपवले का?

प्रश्न : विहीर खणताना लागणारा आमचा काळा पाषाण लाव्ह्याचा म्हणतात. डायनासोर त्यानेच संपले का? – एक वाचक, जाफराबाद

उत्तर : दख्खनचा हा लाव्हा साधारण डायनासोर संपले त्याच काळातला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. खरा धोका सोबतच्या वायूंचा : गंधकाच्या वायूंनी गारठा, कार्बन डायऑक्साइडने उष्मा. भूशास्त्रज्ञ गेर्टा केलर यांचा भर यावरच आहे. पण १९८० मध्ये अल्वारेझ या शास्त्रज्ञ पिता-पुत्रांनी त्या काळच्या मातीच्या पातळ थरातले इरिडियम दाखवून दिले. भूकवचात ते दुर्मीळ, अशनींत भरपूर; म्हणजे तेव्हा पृथ्वीला अशनीची धडक बसली असावी. पुढे त्या धडकेचे मेक्सिकोतले सुमारे १८० किलोमीटर रुंदीचे चिक्शुलूब विवर ओळखले गेले. मला हाच घाव निर्णायक वाटतो : धूळ-काजळीने सूर्य झाकला, झाडोरा गेला, अन्नसाखळी तुटली. लोणारचे विवर मात्र यात ओढू नका. तेही अशनीच्या धडकेचे, पण फार नंतरचे. डायनासोर मात्र आपल्याकडेही होते : चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची हाडे आणि विष्ठेचे जीवाश्मही मिळाले आहेत.