गुणांची पारख

मध्य प्रदेशातील जबलपूरजवळ, भेडाघाट येथे, नर्मदा संगमरवरी खडकांच्या उंच कड्यांमधून वाहते. तेथील कारागीर दगडातून मूर्ती आणि शोभेच्या वस्तू घडवितात. छिन्नी हाती घेण्यापूर्वी दगड पारखावा लागतो. आतून तडा गेलेला दगड निवडला, तर पुढची मेहनत वाया जाते. माणसाची पारख याहून कठीण असते. दगड आहे तसाच राहतो. माणूस मात्र शिकतो, वाढतो, बदलतो. उमलत्या खेळाडूकडे पाहताना तो आज कसा आहे एवढेच नव्हे, तर उद्या कसा होईल, हेही ओळखावे लागते.

अमेरिकेतील बेसबॉलचे व्यावसायिक संघ या कामासाठी खास निरीक्षक नेमतात. हे निरीक्षक शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर जाऊन तरुणांचा खेळ पाहतात. गोलंदाज वगळता इतर खेळाडूंचे ते पाच गुण तपासतात : चेंडू अचूक टोलविणे, फटक्यातील ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि चेंडूफेक. प्रत्येक गुणाला 20 ते 80 या पट्टीवर अंक दिले जातात. 50 हा अंक सर्वोच्च स्तरावरील सरासरी खेळाडूचा मानला जातो. विशेष म्हणजे एकेका गुणासाठी दोन अंक लिहिले जातात : एक आजचा आणि दुसरा पुढे गाठता येईल असा. एखाद्या मुलाचा आजचा अंक 30 असला, तरी उद्याचा 60 असू शकतो. या दोन अंकांमधील अंतर सरावाने आणि मार्गदर्शनानेच भरून निघते. म्हणून निवड झालेले बहुतेक खेळाडू काही वर्षे कनिष्ठ स्तरावरील संघांत घडत राहतात.

भारतात क्रिकेटच्या क्षेत्रात असाच एक प्रयत्न झाला. क्रिकेट मोठ्या शहरांतच एकवटले, तर लहान गावांतील गुणी मुले नजरेआड राहतात, ही त्यामागील जाणीव होती. मुंबईचे क्रीडा पत्रकार मकरंद वायंगणकर यांच्या संकल्पनेतून भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने 2002 साली 'टॅलेंट रिसोर्स डेव्हलपमेंट विंग' हा विभाग सुरू केला. भारताचे माजी कर्णधार दिलीप वेंगसरकर हे त्याचे अध्यक्ष होते. माजी खेळाडूंना निरीक्षक म्हणून ठिकठिकाणी पाठविण्यात आले.

बंगालचे माजी कर्णधार प्रकाश पोद्दार हे त्यांपैकी एक. 2003 साली जमशेदपूर येथे त्यांनी रांचीच्या एका यष्टिरक्षकाचा खेळ पाहिला. त्याच्या फटक्यांत विलक्षण ताकद होती, धावा घेताना तो चपळ होता. परंतु तंत्र सदोष होते आणि यष्टिरक्षणावर मेहनत घेण्याची गरज होती. पोद्दार यांनी आपल्या अहवालात गुणही नोंदविले आणि उणिवाही. या उपक्रमासाठी वयाची अट 19 वर्षांची होती आणि त्या तरुणाने तर एकविशी ओलांडली होती. त्याने रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरीही केली होती. तरीही त्याच्यासाठी ही अट शिथिल करण्यात आली. तो तरुण म्हणजे महेंद्रसिंह धोनी.

नुसत्या निवडीने सारे साधले नाही. 2004 साली केनियात भारत 'अ' संघाकडून खेळताना धोनीने पाकिस्तान 'अ' संघाविरुद्ध दोन शतके झळकविली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात तो शून्यावर धावचीत झाला. त्याला पुन्हा संधी मिळाली आणि एप्रिल 2005 मध्ये विशाखापट्टणम येथे त्याने पाकिस्तानविरुद्ध 148 धावा केल्या. 2011 साली त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने विश्वचषक जिंकला.

पुढे हा विभाग बंद झाला. त्याने दिलेला धडा मात्र मोलाचा आहे. खरा पारखी गुणांबरोबर उणिवा पाहतो, पण उणिवांमुळे गुण नाकारत नाही. तो नियम जाणतो, आणि नियम कोठे सैल करावा हेही जाणतो. गुण गावोगावी असतात. पारखणारा तेथवर पोहोचला नाही, तर ते तेथेच विरून जातात आणि त्याची नोंदही कोठे राहत नाही.

विचार करा

1. निरीक्षक एकाच गुणासाठी दोन अंक का देतात?
2. वयाची अट शिथिल केली नसती, तर काय घडले असते?
3. तुमच्या परिसरातील एखाद्या व्यक्तीचे गुण, तिच्या उणिवा आणि तिला आवश्यक असलेली मदत यांविषयी आठ ओळी लिहा.