म्हातारं कुत्रं आणि गुळगुळीत लादी

आमची ठमी लॅब्रेडॉर. तिचा मागचा उजवा पाय कमजोर होतोय हे तिच्या लंगडण्यावरून नव्हे, नखांवरून कळलं. चालताना लादीवर खर्र खर्र आवाज यायला लागला. पंजा हातात घेऊन पाहिला तर मधली दोन नखं वरच्या अंगाने झिजून सपाट झालेली. डाव्या पायाची मात्र जशीच्या तशी. म्हणून सांगते, घरात सात-आठ वर्षांपुढचं कुत्रं असेल तर अधूनमधून त्याची मागची नखं बघत जा. ते उभं असताना दोन्ही मांड्या दोन हातांनी एकदम चाचपा. एक मांडी बारीक लागली, तर त्या पायावर ते भार टाकत नाहीये आणि हे बरेच दिवस चाललंय असं समजा.

घरात आणि सोसायटीत जो तो एकच सांगत होता. "अगं, बसू दे की तिला. वय झालं आता," असं आई रोज म्हणायची. मायेपोटीच म्हणायची, पण झिजलेल्या सांध्याच्या कुत्र्याला हीच माया भोवते. कुत्र्याच्या वजनाचा साधारण 60 टक्के भार मुळातच पुढच्या पायांवर असतो. मागचा पाय दुखायला लागला की ते उरलेला भारही पुढे ढकलतं. वापरात नसलेली मांडी बघता बघता ओसरते, मग सांध्याला धरून ठेवणारं काही उरत नाही, तो जास्त दुखतो आणि कुत्रं आणखी बसतं. पुढचे खांदेही भरून येतात ते वेगळंच.

पण आधी दुखणं नेमकं कुठलं ते डॉक्टरांकडून कळायला हवं. आमच्या डॉक्टरांनी ठमीला उभं करून तिचा मागचा पंजा उलटा, वरची बाजू जमिनीला लागेल असा ठेवला. तिने तो लगेच सरळ केला. "ताई, हा असाच उलटा राहिला असता तर मला मणक्याची काळजी वाटली असती," ते म्हणाले. ही फार उपयोगी खूण आहे. जर्मन शेफर्डमध्ये मज्जारज्जूचा एक आजार उतारवयात येतो. त्यात पाय दुखत नाही, नुसता लुळा पडत जातो. आपल्याकडे गोचिडांच्या तापानेही सांधे धरतात, त्यासाठी रक्त तपासतात. गुडघ्यातला लिगामेंट तुटला असेल तर कुत्रं अचानक पाय उचलून धरतं; तिथे खरंच विश्रांती लागते आणि बरेचदा शस्त्रक्रियाही. ठमीच्या एक्स-रेमध्ये खुब्याचा सांधा झिजलेला दिसला. या जातीत हे नेहमीचं. त्यामुळे तिला चालवायचं ठरलं.

चालवायचं म्हणजे कसं, तर थोडं, वारंवार आणि हळू. सकाळची एक लांब फेरी बंद करून दहा-दहा मिनिटांच्या तीन-चार फेऱ्या केल्या. हळू चालण्याला फार महत्त्व आहे. धावताना कुत्रं दुखरा पाय उचलून तीन पायांवर निभावून नेतं. हळू चालताना मात्र प्रत्येक पाय टेकवावाच लागतो. हिरवळ मिळाली तर उत्तम, थोडा चढ असेल तर त्याहून उत्तम. घरात जमिनीवर चार झाडू अंतराअंतराने आडवे ठेवून त्यावरून सावकाश चालवलं की पाय उचलायची सवय परत येते. ठमीला आम्ही भिंतीलगत बसवून उठवायचो, चार-पाच वेळा. भिंत असली की दुखरा पाय बाहेर फेकून बसता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रं जास्त आखडलेलं दिसलं तर व्यायाम निम्म्यावर आणा. बंद करू नका.

एवढं करूनही घरातली लादी सगळ्यावर पाणी फिरवू शकते. आमच्याकडे ठमीच्या येण्याजाण्याच्या वाटेवर रबरी मॅट टाकलेल्या होत्या. दिवाळीच्या साफसफाईत त्या धुवायला गॅलरीत गेल्या. त्याच संध्याकाळी बेल वाजली, ठमी उत्साहाने उठली आणि तिचे मागचे दोन्ही पाय दोन दिशांना फाकले. ओरडलीसुद्धा नाही, तशीच पोटावर पडून शेपूट हलवत राहिली. सुधारत आलेला पाय पुन्हा टेकवायला तिला कित्येक आठवडे लागले. व्हिट्रिफाइड लादीवर असं कुत्रं दिवसभर सरकत असतं आणि प्रत्येक वेळी तोल सावरताना सांध्याला हिसका बसतो. तेव्हा मॅट धुवायच्या तर एकेक करून धुवा. झोपायची जागा, पाण्याचं भांडं, दार आणि बाथरूम जोडणारी वाट पूर्ण हवी. मधे हातभर जरी लादी उघडी राहिली तरी कुत्रं तिथेच घसरतं. सतरंजी आणि गोधडी स्वतःच सरकतात, त्यामुळे कामाच्या नाहीत. नखं वाढू देऊ नका, आणि पंजाच्या गाद्यांमधले केस कापा, कारण घसरण्याचं निम्मं कारण तिथे असतं.

जिना उतरताना पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढे, मोठा टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरावीत. पूर्ण भार उचलायचा नाही, तोल सांभाळण्यापुरताच आधार द्यायचा. पावसाळ्यात ओल्या जिन्यावर तर टॉवेलशिवाय पाऊलही नको.

वजनाबद्दल आईशी माझे बरेच वाद झाले. जेवताना टेबलाखाली पोळीचा तुकडा जाणं काही थांबेना. अमेरिकेत 48 लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून त्यांच्यावर जन्मभर एक अभ्यास झाला होता, तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीदारापेक्षा 25 टक्के कमी खाणारी कुत्री साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. हे वाचून दाखवल्यावर आईने पोळीऐवजी काकडी द्यायला सुरुवात केली. ठमीला ती तितकीच आवडते. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर न दाबता लागाव्यात.

आता औषधाचं, आणि हे कृपा करून ऐका. मेडिकलवाल्याने मला "अर्धी गोळी द्या, माणसांचीच चालते" असं सांगितलं होतं. अजिबात चालत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पॅरासिटामॉलही मनाने देऊ नये. दुखऱ्या जागी लावायचा बामदेखील नको. कुत्रं तो चाटतं आणि त्यातला कापूर व विंटरग्रीनचं तेल त्याला विषारी असतं. कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं वेगळी असतात. ती डॉक्टर यकृत आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून देतात, स्टेरॉइडबरोबर देत नाहीत. उलटी झाली, काळी शी झाली किंवा खाणं सुटलं तर गोळी लगेच थांबवून डॉक्टरांना फोन करा. आणि मागचे दोन्ही पाय एकाएकी गेले किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री न्या.