पुराणातली वांगी आणि नमनाचे तेल



गेल्या चातुर्मासातली गोष्ट. एका खेड्यात कीर्तन आटोपून यजमानांच्या ओसरीवर पानावर बसलो होतो. घरातल्या लेकरांपुरते केलेले भरीत घेऊन एक पोर आले. “बुवा, वांग्याचं भरीत चालंल का?” भूक कडकडून लागलेली, म्हणालो, “वाढ की.” तोच माजघरातून म्हातारीचा आवाज आला, “पुराणातली वांगी पुराणात!” घास घशाखाली उतरेना. तासाभरापूर्वी वर्ज्य पदार्थ मीच सांगितले होते ना!

या म्हणीची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. एका पुराणिकाने देवळात निक्षून सांगितले की चातुर्मासात वांगे खाऊ नये. बायको श्रोत्यांत बसलेली. तिने घरी जाऊन टोपलीतली वांगी उकिरड्यावर टाकली. बुवा जेवायला बसतात तो पानात भाजी नाही. कारण कळताच म्हणतात, “अगं, ती पुराणातली वांगी! ही आपली घरची.”

निषेध मात्र खराच आहे हो. आपल्या पंढरीचे काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ रचला, त्यातही चातुर्मासाच्या वर्ज्य पदार्थांत वृन्ताक, म्हणजे वांगे, आहे. आषाढ शुद्ध नवमीला आपण कांदेनवमी करतो तीही पुढे चार महिने कांदा सोडायचा म्हणूनच. तेव्हा म्हण शास्त्राला हसत नाही, सांगणाऱ्याला हसते. हल्ली लोक ‘ते जुने, आता कशाला पाळायचे’ अशा अर्थी ती फेकतात, हे मला पटत नाही. वाक्य बुवांच्या तोंडचे असले तरी ते जपून ठेवले श्रोत्यांनी, आणि जपले ते आम्हां सांगणाऱ्यांसाठी.

आमच्यावरच्या म्हणी आणखीही आहेत. ‘नमनाला घडाभर तेल’ ही घ्या. वीज नव्हती तेव्हा लळित, दशावतार, खेळे हे सगळे दिवट्या-मशालींच्या उजेडात चालत. दिवटीवाला बाजूला उभा राहून तिच्यावर तेल घालीत राही. कोकणात तर ‘नमन’ हे खेळाचेच नाव आहे. गणपती, शारदा, ग्रामदेवता, सगळ्यांना वंदन करता करता घडा रिकामा व्हायचा आणि मुख्य आख्यान अंधारात! हे ध्यानात घेतले म्हणजे म्हणीतला राग कळतो. माझेही मंगलाचरण लांबते. मागचा मृदंगी खाकरतो, तेव्हा मी समजतो.

‘री ओढणे’ तेवढे अन्यायाचे वाटते. मुख्य गाणारा थांबला की साथीदार त्याचाच सूर लांबवून धरतात, ती री. व्यवहारात त्याचा अर्थ झाला, दुसऱ्याच्या होला हो म्हणणे. पण मागे सूर धरणारा नसेल तर बुवाने श्वास कधी घ्यावा?

आणि ‘भारूड लावणे’! दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९३८) उघडलात तर भारुडाचा एक अर्थ लांबलचक, कंटाळवाणी हकिकत असा सापडतो. नाथमहाराजांनी (समाधी १५९९) विंचू, जोशी, वासुदेव यांच्या रूपाने जे अध्यात्म शेतात राबणाऱ्यापर्यंत नेले, त्याचे नाव असे खाली आले. दोष कोणाचा? भारूड मुळात आटोपशीर असते. त्यावर दोन-दोन तास आपण लावतो.

भरिताचे सांगायचे राहिले. पानात पडलेले टाकणे हा आणखी एक दोष, म्हणून खाल्ले. दुसऱ्या रात्री म्हातारी अगदी पुढे येऊन बसली होती. मी मंगलाचरण चार ओळींत आटोपले आणि निरूपण आदल्या रात्रीच्या भरितापासून सुरू केले. सगळा मांडव हसला. म्हातारी मात्र हसली नाही; नीट ऐकत होती.