मोटारींतील रेडिओची तारजोडणी

मोटारींतील जुना रेडिओ बदलतांना प्रथम बॅटरीचें ऋण टोक सोडवावें. मूळ तारा कापूं नयेत. जुन्या व नव्या जोडणींच्या मध्यें जुळणी-तार घालावी. नव्या रेडिओची पिवळी तार अखंड १२ व्होल्टांची, तांबडी किल्लीबरोबर चालूबंद होणारी आणि काळी सांगाड्यास जोडावयाची, असा सामान्य संकेत आहे. कित्येक मोटारींत मात्र पहिल्या दोन प्रवाहांच्या जागा उलट असतात. मी एकदां रंगावरच विसंबलों. किल्ली काढतांच घड्याळ व साठविलेलीं केंद्रें पुसलीं जात. मापकानें पाहून त्या दोन तारांची अदलाबदल करतांच दोष गेला. स्पीकरची ऋण तार सांगाड्यास कधींहि जोडूं नये. रेडिओ जळण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक तार आधीं मोजावी, मगच जोडावी.